ओढ्याकाठचे पाच गुंठे

पहिला मोठा पाऊस झाला, की आठवडाभरात आमच्या कळवणच्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. औषध मी देतो. पण या दुखण्याचे मूळ पुष्कळदा ओढ्याच्या काठावर असते.

कांद्याला घातलेले खत, फवारलेले औषध आणि शेण पावसाबरोबर ओढ्यात उतरते. तेथून ते गिरणेत, पुनदेत आणि काठच्या विहिरींत जाते. गढूळ पाण्यात टाकलेली टी.सी.एल. पावडर घाणीवरच खर्ची पडते आणि जंतू शिल्लक राहतात. युरियापासून जमिनीत नायट्रेट तयार होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे. जास्त झाल्यास वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ, नखे निळसर पडतात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

काठावर गवत व झाडांचा पट्टा राखला, तर पाण्याचा वेग मोडतो आणि गाळ तेथेच बसतो. गाळाला चिकटलेले स्फुरद व कीटकनाशकही बरेचसे अडते. मुळे आणि ओल्या मातीतील जीवाणू नायट्रेट कमी करतात.

आता हिशेब पाहू. शंभर मीटर काठावर पाच मीटर रुंद पट्टा म्हणजे सुमारे पाच गुंठे, एकराचा आठवा हिस्सा. तेवढे पीक बुडते एका शेतकऱ्याचे. आजार टळतो खालच्या गावाचा. म्हणून कोणी काठ सोडत नाही. सलाईन, बुडालेली मजुरी, बंधाऱ्यातला गाळ हा खर्च मात्र घरोघरी वाटला जातो आणि कोणी त्याची बेरीज करीत नाही.

न्यूयॉर्क शहराने ही बेरीज केली. १९९७ च्या करारानंतर अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प उभारण्याऐवजी त्याने वरच्या भागातील पाणलोट राखण्यावर खर्च केला. तेथे काठ राखणाऱ्या शेतकऱ्यांना मोबदलाही मिळतो. आपल्या ग्रामपंचायतींनी निदान रोपे आणि थोडी भरपाई द्यावी. पट्ट्यात बांबू, करंज, चाऱ्याचे गवत लावल्यास काही उत्पन्नही निघेल. मात्र चारा कापून न्यावा, गुरे आत सोडू नयेत.

पट्टा झाला तरी पाणी निर्जंतुक करूनच प्यावे. काठच्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे आणि बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे.