ग्रंथसूचीच्या संगणकीय कोष्टकांतून ओळी काढून घेण्याची रीत

१. हस्तलिखितांच्या याद्या वह्यांतून काढून संगणकावर घालण्याचें काम अलीकडे अनेक संग्राहकांनीं हातीं घेतलें आहे, व तें स्तुत्य आहे. परंतु त्यामुळें एक नवी जबाबदारी उत्पन्न झाली आहे. “अमुक ग्रंथाची प्रत या संग्रहांत नाहीं” असें विधान संशोधक जेव्हां करतो, तेव्हां त्याचा आधार पुष्कळदां यंत्राचें उत्तर हाच असतो. आतां यंत्राला प्रश्न विचारणें आणि त्याचें उत्तर पदरांत घेणें हीं दोन भिन्न कर्में आहेत. पहिलें निर्दोष असूनहि दुसऱ्यांत प्रमाद झाल्यास, कपाटांत असलेली पोथी शास्त्रांत नसलेली ठरते. म्हणून या दुसऱ्या कर्माचें थोडें विवरण येथें करतों.

२. माहिती ओळी व रकाने यांच्या कोष्टकांत मांडावी, ही पद्धति ई. एफ. कॉड यांनीं १९७० सालीं शास्त्रशुद्ध स्वरूपांत प्रतिपादिली. अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल नामक भाषा चेंबरलिन व बॉइस यांनीं १९७४ सालीं पुढें मांडलेल्या भाषेपासून निघाली. रिचर्ड हिप यांचें एसक्यूलाइट हें साधन २००० सालचें. त्यांत सर्व कोष्टकें एकाच फाइलींत राहतात, म्हणून खासगी संग्राहकास तें सोयीचें पडतें. पायथन या भाषेंत तें २००६ पासून अंतर्भूत आहे. पुढील विवेचन या जोडीस अनुसरून आहे.

३. अशी कल्पना करूं कीं, ‘पोथ्या’ या कोष्टकांत ग्रंथनाम, लेखक, लेखनशक व पत्रसंख्या असे रकाने आहेत, आणि ज्ञानेश्वरीच्या सर्व प्रती शकाच्या चढत्या क्रमानें मागितल्या. संग्रहांत अशा सात प्रती असून सर्वांवर शक आहे. प्रश्न केल्याबरोबर सात ओळी हातांत पडत नाहींत. हातांत येतो तो ‘कर्सर’. पोथी वाचतांना ओळीवर ठेवलेल्या बोटासारखा हा समजावा. हें बोट पुढेंच सरकतें, मागें येत नाहीं. त्याच्याकडून ओळी घेण्याच्या तीन क्रिया आहेत :

(अ) फेचवन : पुढील एकच ओळ देते. ओळी संपल्यावर ‘नन’ म्हणजे अभावाचें चिन्ह देते.

(आ) फेचमेनी : सांगितलेल्या संख्येइतक्या ओळी देते. शेवटचा गट लहान असूं शकतो, व त्यानंतर रिकामी यादी मिळते. संख्या न सांगितल्यास एकच ओळ येते.

(इ) फेचऑल : उरलेल्या सर्व ओळींची यादी देते. ‘उरलेल्या’ हा शब्द ध्यानांत ठेवावा.

याखेरीज आवर्तन करून कर्सरावरूनच एकेक ओळ घेतां येते. ओळी थोड्या असल्यास तिसरी क्रिया सुलभ होय. लक्षावधि असल्यास ती सर्व भार एकदम यंत्राच्या स्मृतींत आणते, म्हणून तेथें गट किंवा आवर्तन बरें.

४. आतां दोष पाहूं. उत्तर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणी प्रथम फेचवन करतो, आणि कांहीं मिळालें असें दिसतांच आवर्तन सुरू करतो. बोट एक ओळ पुढें गेलेलें असल्यानें छापील यादींत सहाच प्रती येतात. गळते ती पहिली; आणि क्रम शकाचा असल्यामुळें ती सर्वांत जुनी प्रत असते! ज्या प्रतीसाठीं सारा खटाटोप, तीच नाहींशी होते, आणि यंत्र चुकीची कोणतीहि सूचना देत नाहीं.

दुसरा दोष असा कीं, एकदां फेचऑल केल्यावर त्याच कर्सरावर पुन्हां फेचऑल केल्यास रिकामी यादी येते. तिचा अर्थ ‘प्रती नाहींत’ असा नव्हे, ‘उरल्या नाहींत’ असा आहे.

तिसरा दोष गटांचा. तीन-तीन ओळी घेतल्यास गट तीन, तीन व एक असे पडतात. गट अपुरा दिसतांच त्यांतील ओळी न नोंदतां जो थांबतो, तो सातवी प्रत गमावतो. थांबावें तें रिकामी यादी आल्यावरच.

५. ‘नन’ हें चिन्ह दोन ठिकाणीं भेटतें, हें नैयायिकाच्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. ओळीच्या जागीं ‘नन’ आल्यास धर्मीच नाहीं. ओळ असून शकाच्या रकान्यांत ‘नन’ असल्यास धर्मी आहे, पण त्याचा एक धर्म नोंदलेला नाहीं. पहिलें चिन्ह म्हणतें, घेण्यास ओळ नाहीं. दुसरें म्हणतें, पोथी आहे, तिचा शक नोंदलेला नाहीं. शिवाय एसक्यूलाइटमध्यें चढत्या क्रमांत असे रिकामे रकाने सर्वांच्या आधीं येतात. म्हणून यादीच्या शिरोभागीं आलेल्या शकहीन प्रतीला प्राचीनतम समजूं नये.

६. क्रमाविषयीं दोन शब्द. क्रम स्पष्ट मागितला नाहीं तर ओळी कोणत्या अनुक्रमानें येतील याची हमी नसते. मागितला तरी, वेगळी व्यवस्था न केल्यास, अक्षरांचा क्रम त्यांच्या संकेतांकांप्रमाणें लागतो. तेथें ‘ळ’ हा ‘ल’ च्या मागोमाग येतो, आणि ‘क्ष’ हा ‘क’ मध्येंच पडतो. तसेंच ‘पंचांग’ व ‘पञ्चाङ्ग’ हीं यंत्रास दोन निराळीं नांवें आहेत. एक विचारल्यास दुसरें मिळत नाहीं.

७. यावर उपाय सोपा आहे. ओळी घेण्यापूर्वीं त्याच अटींनीं ओळींची संख्या स्वतंत्र प्रश्नानें विचारावी, आणि हातीं आलेल्या ओळी मोजून ती ताडून पाहावी. जुने लेखक प्रतीच्या अखेरीस ग्रंथसंख्या देत, तिचाहि उपयोग असाच होई. दोन्ही आंकडे जुळल्यावर, आणि नांवाचीं सर्व रूपें विचारून झाल्यावरच ‘नाहीं’ हा शब्द लिहावा. कारण एकदां छापलेला ‘नाहीं’ पुढील अभ्यासकास त्या कपाटाकडे फिरकूं देत नाहीं.