दरपत्रक उतरले, पण ठेवले कुठे?

पुरवठादाराच्या वेबसाइटवरून दरपत्रक, नमुन्यांचे फोटो किंवा मालाची यादी रोज उतरवून घ्यावी लागते, असे अनेक धंदे आज आहेत. हे काम हाताने करण्याऐवजी काही पेढ्यांवर हिशेब सांभाळणारा मुलगा कमांड लाइनवर, म्हणजे त्या काळ्या पडद्यावर, एक ओळ लिहून ठेवतो आणि फाइल आपोआप येते. वेळ वाचतो यात शंका नाही. मात्र ती फाइल कोठे व कोणत्या नावाने ठेवली गेली, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

या कामाची दोन साधने सर्वांत प्रसिद्ध आहेत. वीगेट 1996 साली आले. कर्ल हे नाव 1998 चे, परंतु त्याची सुरुवात व्यापाऱ्यांना आवडेल अशी आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना परकीय चलनांचे दर इंटरनेटवरून आपोआप आणायचे होते. त्या गरजेतून हे साधन वाढले. दोन्ही फुकट मिळतात. विंडोज 10 मध्ये 2018 पासून कर्ल आधीच बसवलेले असते. वीगेट लिनक्सवर बहुधा सापडते, विंडोजवर वेगळे घ्यावे लागते.

काही सांगितले नाही तर वीगेट आपण त्या वेळी ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तेथेच फाइल ठेवते. त्याच नावाची फाइल तेथे असेल तर जुनीला हात न लावता नवीच्या नावापुढे टिंब आणि 1 जोडते, पुढच्या वेळी 2. भिवंडीच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. सुताचे दरपत्रक रोज एकाच नावाने येते. शेवटी आकडा लागलेली फाइल विंडोज ओळखत नाही, त्यामुळे ती डबल क्लिकने उघडत नाही. सहज उघडते ती पहिली, म्हणजे सर्वांत जुनी! महिनाभरापूर्वीच्या भावाने गिऱ्हाइकाला शब्द दिला, तर तोटा कोणाचा?

कर्लची रीत नेमकी उलटी. साधा पत्ता दिला तर मजकूर पडद्यावरच ओतते. कॅपिटल ओ लावला की मूळ नावाने फाइल ठेवते, आणि जुनी असेल तर न विचारता तिच्यावरच लिहिते. भाव ताजा मिळतो. पण गेल्या महिन्याच्या बिलावर वाद निघाला, तर दाखवायला जुने पत्रक उरत नाही.

यावर उपाय सोपा आहे. वीगेटला वजा चिन्ह व कॅपिटल पी लिहून पुढे फोल्डरचे नाव द्यावे. फोल्डर नसेल तर ते स्वतः तयार करते. कर्लमध्ये दोन वजा चिन्हे लावून 'आउटपुट-डिर' लिहावे. ही सोय 2020 पासूनची आहे. नवे फोल्डर हवे असल्यास सोबत 'क्रिएट-डिर्स' हेही लिहावे लागते. दर दिवसाचे वेगळे फोल्डर, नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, ही पद्धत आम्हाला सर्वांत बरी वाटते. नाव फोल्डरलाच असल्याने फाइलचे नाव बदलावे लागत नाही.

ओ या अक्षराबाबत मात्र सावध राहावे. कर्लमध्ये स्मॉल ओ म्हणजे आपण दिलेल्या नावाने फाइल ठेवणे. वीगेटमध्ये त्यासाठी कॅपिटल ओ आहे. तेथे स्मॉल ओ लावून दरपत्रकाचे नाव लिहिले, तर त्या फाइलमध्ये दराऐवजी साधनाच्या कामाची नोंद लिहिली जाते आणि आधीचा मजकूर जातो. शिवाय वीगेटच्या कॅपिटल ओपुढे एक नाव देऊन तीन पत्ते दिले, तर तिन्ही फाइली एकाला एक जोडून एकच फाइल होते. असली भेसळ एक्सेलमध्ये नीट उघडण्याची आशा धरू नये.

हुकूम ठरलेल्या वेळी आपोआप चालवायचा असेल तर फोल्डरचा पत्ता ड्राइव्हपासून पूर्ण लिहावा. आपोआप चालणारे काम आपल्या नेहमीच्या फोल्डरमधून सुरू होईलच असे नाही. फाइल भलत्याच जागी जाते आणि मुलगा ती शोधत बसतो. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर संपूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. वीगेट काम संपल्यावर शेवटी फाइल कोठे जतन झाली ते लिहून दाखवते. निदान पहिले आठ दिवस ती ओळ मालकाने स्वतः पाहावी.