दाढेची नस आणि डॉक्टरांचे चार शब्द

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. आम्ही पडलो शाळामास्तर. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु दोन दाढांनी आम्हांला जे शिकविले, त्यातील एक गमावून व दुसरी राखून, ते आपल्या परिवारातील मंडळींच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

पहिली दाढ खालची. रात्रभर ठणका लागे. अम्मींनी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून पाहिला. तेवढ्यापुरते बरे वाटे. शेवटी एका दवाखान्यात गेलो. "तोंड उघडा" याखेरीज तेथे एक शब्द ऐकू आला नाही. भुलीची सुई दिली तरी कळ मस्तकात गेली, आणि आम्ही कण्हताच, "एवढ्या मोठ्या माणसाने असे करायचे?" अशी वर संभावना झाली. त्या दिवशी कच्चे सिमेंट भरून घरी आलो. ठणका थांबला होता. मग पुन्हा त्या खुर्चीत बसायचे कशाला? वर्षभराने चणे खाताना दाढ उभी चिरली व काढून टाकावी लागली. दोष निम्मा आमचाही होता, हे कबूल केले पाहिजे.

आता हा उपचार म्हणजे काय ते पाहू. दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली दंतिन, आणि अगदी आत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा मऊ गर. यालाच आपण 'नस' म्हणतो. कीड तेथवर पोहोचली की गराला सूज येते. परंतु भोवती कठीण भिंती असल्याने सुजेला पसरावयास जागा नसते. म्हणून तो जीवघेणा ठणका. पुढे गर मरतो व दुखणे आपोआप थांबते. येथेच पुष्कळजण फसतात. वेदना गेली म्हणजे रोग गेला असे नव्हे. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरू लागलेले असतात.

रूट कॅनालमध्ये हा गर काढून मुळातील नळ्या बारीक कानशींनी घासतात, जंतुनाशक द्रवाने धुतात व कायमच्या बंद करतात. पुढच्या दातांत बहुधा एकच नळी असते, दाढांत तीन-चार. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत पुष्कळदा चौथी नळी लपलेली असते व ती राहून गेल्यास दुखणे परतते. म्हणून अवघड दाढेसाठी तज्ज्ञ हवा. दंतवैद्यकाची पदवी झाल्यावर या शाखेचा आणखी तीन वर्षांचा अभ्यास त्याने केलेला असतो. नळ्या भरण्याचा पदार्थ म्हणजे गटापर्चा, मलायाकडील एका झाडाचा चीक. १८५८ साली अटलांटिक समुद्राखालून गेलेल्या तारेवर याचेच वेष्टण होते. जे खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, ते दाढेत टिकते, यात नवल ते काय!

राहिला प्रश्न वेदनेचा. आजची लिग्नोकेनची भूल १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाली. ती एरवी उत्तम चालते. मात्र सुजलेल्या गरात, विशेषतः खालच्या दाढांत, ती कधी कधी पुरी चढत नाही. तेव्हा आणखी सुई देऊन थांबावे लागते. म्हणजे आमचे कण्हणे हा नाजूकपणा नव्हता, हे आम्हांला पुष्कळ उशिरा समजले.

हे सांगितले दुसऱ्या दाढेच्या डॉक्टरबाईंनी. त्यांनी प्रथम खुर्ची ओढून समोर बसून आमची जुनी हकीगत ऐकली. क्ष-किरणांचे चित्र दाखविले, कागदावर दाढ काढून नळ्या कोठे आहेत ते समजाविले, किती वेळा यावे लागेल व खर्च काय, तेही आधीच सांगितले. मग म्हणाल्या, "गुरुजी, दुखले तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन." जन्मभर मुलांना हात वर करावयास सांगणारे आम्ही! मध्यंतरी खरोखरच हात वर केला. त्या थांबल्या, आणखी भूल दिली, दहा मिनिटे वाट पाहिली. दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावताना तो कशासाठी तेही सांगितले: औषध घशात जाऊ नये, थुंकी दातात जाऊ नये. १८६४ पासून ही युक्ती चालत आली आहे. दोन बैठकींत काम झाले, आणि त्या दोन्ही वेळी आम्ही आपल्या पायांनी, न कुरकुरता गेलो. औषधे व हत्यारे दोन्हीकडे जवळजवळ तीच होती. एकीकडून आम्ही पळालो, दुसरीकडे टिकलो.

मंडळींना विनंती एवढीच. ठणका थांबला तरी उपचार अर्धा सोडू नका. दाढ भरल्यावर तिच्यावर कॅप बसवून घ्या. नाहीतर आमच्यासारखी चिरेल. मधुमेह असल्यास, रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा एखादे औषध सोसत नसल्यास आधी सांगा. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखणे साहजिक आहे. सूज वा ताप आल्यास मात्र ताबडतोब दाखवा. बेळगावात दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी खर्च साधारणतः कमी येतो. घरातील वृद्धांबरोबर कोणीतरी जावे. आणि डॉक्टर काही सांगत नसतील तर विचारावे. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

वर्गात आता फळ्यासमोर थिजून उभे राहिलेले मूल दिसले की "एवढे कसे येत नाही?" हे वाक्य आमच्या ओठांवर येते, आणि तेथेच अडते.