समुद्रातून उतरणारी फौज आणि पोस्टातली मॉरीन

जहाजांतून सैन्य नेऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवणं हे युद्धातलं फार अवघड काम. ते का, हे आज आम्ही सांगणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता. पूर्वेकडे रशिया जर्मन फौजेशी झुंजत होता आणि ‘पश्चिमेकडूनही लढाई सुरू करा’ असा इंग्लंड-अमेरिकेकडे तगादा लावत होता. पण मध्ये समुद्र! जमिनीवरच्या फौजेला मागे हटता येतं. होडीतून उतरणाऱ्याच्या पाठीशी नुसतं पाणी. १९४२ साली फ्रान्सच्या दिएप बंदरावर असा हल्ला करून पाहिला. किनाऱ्यावर उतरलेल्या सुमारे ६,००० जणांपैकी निम्म्याहून जास्त मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

मग बंदराचा नाद सोडला. नॉर्मंडीचा वाळूचा मोकळा किनारा निवडला आणि बंदरच तुकड्यातुकड्यांनी बांधून सोबत ओढत न्यायचं ठरवलं.

आता मुहूर्त. हसू नका, खरंच मुहूर्त काढावा लागला. जर्मनांनी वाळूत अडथळे आणि सुरुंग लावून ठेवले होते. ते दिसायला सकाळी ओहोटी हवी. त्यानंतर पाणी चढतं हवं, म्हणजे माणसं उतरवून होड्या परत तरंगतील. विमानातून छत्रीनं उतरणाऱ्यांना रात्री चांदणं हवं. पुनवेला उधाण येतं आणि ओहोटीही तितकीच लांब जाते, हे कोकणातल्या मैत्रिणींना सांगायला नको. हे सगळं जुळत होतं १९४४ च्या जूनमध्ये, ५, ६ आणि ७ तारखेला. ठरली ५ तारीख.

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड हे गाव. तिथल्या पोस्टात मॉरीन फ्लॅविन हवेच्या दाबाच्या नोंदी घेऊन पाठवायची. ३ जूनला तिचा एकविसावा वाढदिवस होता. त्या दिवशी दाब झपाट्यानं उतरला, म्हणजे वादळ येणार. इंग्लंडहून फोन आला, नोंद पुन्हा तपासा. तिनं तपासली. बरोबर होती. सरसेनापती आयझेनहॉवर यांनी हल्ला एक दिवस पुढे ढकलला, कारण ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल असं हवामानाच्या जाणकारांनी सांगितलं.

असल्या हवेत कोण येणार, म्हणून जर्मन सेनापती रोमेल बायकोच्या वाढदिवसाला घरी गेला होता!

६ जूनला सुमारे १,५६,००० सैनिक उतरले. त्यातले ४,४०० च्या आसपास त्याच दिवशी मेले. पुढच्या लढाईत नॉर्मंडीतले हजारो साधे गावकरी, बायका आणि मुलंसुद्धा, मारले गेले. विजयाच्या गोष्टींत त्यांचा उल्लेख फारसा येत नाही, हे आम्हाला खटकतं. पण पाय रोवायला किनारा मिळाला, म्हणूनच २५ ऑगस्टला पॅरिस सुटलं.

जूनचा तो मुहूर्त चुकला असता तर ओहोटीची पुढची वेळ दोन आठवड्यांनी होती. नेमकं १९ जूनला मोठं वादळ आलं आणि ओढत नेलेल्या दोन बंदरांपैकी एक मोडून पडलं.

आपली नोंद कशासाठी पुन्हा मागितली होती, हे मॉरीनला कळलं ते १९५६ साली.