ट्रॅक्टरमागील अवजाराचा हेलकावा

बैलांच्या औतामागें माणूस असतो. लाकडी नांगराचें रुमणें नांगऱ्याच्या मुठींत असतें आणि नांगर तास सोडूं लागला कीं, डोळ्यांस दिसण्यापूर्वींच तें त्याच्या हातास कळतें. किंचित् दाब देऊन तो फाळ पुन्हां जागेवर आणतो. पाभर हांकणाराची व कुळव धरणाराचीही तीच रीत. ट्रॅक्टर शेतांत आला तेव्हां हा मागचा हात नाहींसा झाला. चालकाचें तोंड पुढें आणि अवजार त्याच्या पाठीमागें. तें उजवीडावीकडे किती सरकावें हें आतां लोखंडी जोडणीनें ठरवावयाचें. आणि ती जोडणी जुनी, झिजलेली व वेळोवेळीं डाग देऊन सांधलेली असली, म्हणजे तिच्याकडे बारकाईनें पाहणें प्राप्त होतें.

भीमेच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड हे तालुके. नदीकांठीं आणि कालव्याखालीं खोल काळी जमीन व ऊस. पाण्यापासून दूर हलकीं, मुरमाड, उताराचीं रानें. एकाच जुन्या ट्रॅक्टरला येथें आज पलटी नांगर, उद्यां रोटाव्हेटर, परवां सरी पाडण्याचा रिजर जोडला जातो. अवजार बदलतें, पण बाजूच्या साखळ्या मागच्या खेपेस जशा होत्या तशाच राहतात. बहुतेक तक्रारींचें मूळ येथें आहे.

तीन टोकांच्या या जोडणीची कल्पना हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडांतील यंत्रज्ञानें रूढ केली. ती बसविलेला त्याचा ट्रॅक्टर १९३६ सालीं बाजारांत आला. १९३९ पासून फोर्डच्या कारखान्यांतून निघालेल्या ट्रॅक्टरांनीं तिचा प्रसार केला. आणि पुढें मद्रासेचा मॅसी फर्ग्युसन काय किंवा मुंबईस कांदिवलीला तयार झालेला इंटरनॅशनल बी-२७५ काय, आपल्याकडील ट्रॅक्टरांनींही तिचाच अंगीकार केला. तींत खालीं दोन बाहू व वर एक दांडा असतो. खालचे बाहू ओढतात, वरचा दांडा अवजाराचा कल संभाळतो. बाहूंच्या दोन्ही टोकांस गोलकाचे सांधे असल्यामुळें ते वरखालीं फिरतात तसेच आडवेही फिरतात.

हे दोन बाहू समांतर नसतात. मागें त्यांच्यांतील अंतर अधिक, पुढें कमी. त्यांच्या रेषा मनानें पुढें वाढविल्या तर ट्रॅक्टरच्या पुढच्या भागांत त्या एकमेकींस मिळतात. जमिनींत ओढलें जाणारें अवजार जणूं त्या अदृश्य बिंदूस लांब ईस बांधल्याप्रमाणें चालतें. लांब इसेचा नांगर जुवामागें आपोआप सरळ येतो, तसाच हाही बाजूस गेला तरी ओढीच्या बळानें मध्यावर परततो. म्हणजे नांगराच्या बाबतींत आडवा मोकळेपणा हा जोडणीचा दोष नसून तिची मूळ योजनाच आहे. साखळ्या तेथें असतात त्या बाहू टायरला लागूं नये म्हणून. नांगरटीच्या वेळीं दोन्ही बाजूंस सुमारें २ इंच मोकळीक असावी. नांगर जर घट्ट आवळला, तर चालकानें चाक वळवितांच त्याचा मागचा भाग उलट दिशेस जाऊं पाहतो आणि जमीन त्याला जाऊं देत नाहीं. मग पुढचीं चाकें घसरतात, वळण जड होतें आणि शेवटीं बाहू वांकतो. ‘नांगर हलतो, आवळून टाका’ हा सल्ला पुष्कळदां मिळतो. तो ऐकूं नये.

रोटाव्हेटरची गोष्ट अगदीं उलट. त्याचीं पातीं चाकांच्याच दिशेनें फिरतात व जमिनीस लाथ मारावी तशीं ट्रॅक्टरला पुढें ढकलतात. जेथें ओढच उरली नाहीं तेथें ओढीनें मध्यावर येणें कोठून घडणार? म्हणून तें यंत्र मोकळें सोडलें तर डावीउजवीकडे झोके घेतें, टायरला घासतें, आणि शक्ति पोंचविणारा फिरता दांडा तिरपा चालून त्याचे सांधे लवकर जातात. तें दोन्ही बाजूंनीं बांधूनच चालवावें. उसाच्या दोन ओळींमधून फण चालवितांनाही हाच नियम. ओळींत ४ ते ५ फूट अंतर असलें तरी फणाचें टोक चार बोटें सरकल्यास कोंबाची मुळें तुटतात. आणि लागणीच्या वेळीं सऱ्याच वांकड्या पडल्या असतील तर पुढें बांधणीपर्यंत प्रत्येक कामांत ती चूक भोंवते. शिरूरच्या उताराच्या रानांत आणखी एक अडचण असते: अवजार आपल्या भारानें खालच्या अंगास ओढलें जातें. तेथें पेरणीचें किंवा सरीचें काम असल्यास मोकळीक अगदीं थोडी ठेवावी.

साखळी आवळण्यापूर्वीं ती कोणत्या बाजूनें बांधली आहे हें पाहावें. कांहीं ट्रॅक्टरांत साखळ्या आंतल्या बाजूस, धडाच्या मध्याकडे अडकविलेल्या असतात. तेथें डावी साखळी डाव्या बाहूला डावीकडे जाऊं देत नाहीं. इतरांत त्या बाहेर, आंसाच्या घराला असतात; तेथें तीच डावी साखळी बाहूला उजवीकडे जाण्यापासून अडविते. हा भेद न पाहतां आंटे फिरविणारा एक बाजू सुधारून दुसरी बिघडवितो.

याहून नाजूक बाब म्हणजे साखळीच्या पुढच्या टोकाची जागा. तें टोक बाहूच्या पुढच्या सांध्याशीं एका रेषेंत असेल, तर अवजार वर उचललें काय किंवा खालीं सोडलें काय, साखळीचा ताण बदलत नाहीं. तें रेषेबाहेर असेल तर एका उंचीवर सैल असलेली साखळी दुसऱ्या उंचीवर ताणली जाते. खालीं असतांना कडक आवळलेली अशी साखळी उचलतांना तुटते, किंवा ती न तुटल्यास तिचा आधारच उखडतो. गांवच्या वेल्डरचा हात धाडसी असतो. तुटलेला आधार तो सोयीच्या जागीं बसवून देतो आणि ही रेष तेथेंच बिघडते. म्हणून साखळ्या सैल ठेवून अवजार सावकाश पूर्ण उंचीपर्यंत न्यावें, कोठें त्या अधिक ताणल्या जातात तें पाहावें, आणि त्याच उंचीवर माप ठरवावें.

साखळ्या योग्य असूनही अवजार खडखडत असेल तर झोल सांध्यांत आहे. इंजिन बंद करून, अवजार जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकेंच उचललेलें असतां, बाजूस उभें राहून त्याच्या टोकास हातानें ढकलावें आणि हालचाल कोठें होते तें सांध्यागणिक न्याहाळावें. गोलक झिजलेला असतो, भोंक लांबट झालेलें असतें. पण अनेकदां कारण याहून साधें असतें. खालच्या बाहूंच्या पिना लहान वर्गांत सुमारें २२ व मोठ्या वर्गांत सुमारें २८ मिलिमीटर जाडीच्या असतात. मोठ्या गोलकांत लहान पिन तशीच घातली तर ६ मिलिमीटरचा झोल जोडतांनाच पदरीं येतो. मधें बुश घातलें कीं तो जातो.

पलटी नांगर एकाच अंगास ओढत असेल, म्हणजे एक साखळी सदैव ताणलेली व दुसरी लोंबती, तर एक परीक्षा आहे. नांगर पलटल्यावर ओढीची बाजूही पलटली तर दोष नांगरांत, बहुधा पहिल्या फाळाच्या रुंदींत आहे. बाजू तीच राहिली तर तो ट्रॅक्टरमध्यें शोधावा: उचलण्याचे दोन दांडे असमान असतील, किंवा एका टायरांत हवा कमी असेल.

नांगर घेऊन सोलापूर रस्त्यानें किंवा शिरूरवरून जाणाऱ्या नगर रस्त्यानें जावयाचें असेल तर शेतांतील मोकळीक तेथें उपयोगी नाहीं. उचललेल्या अवजारास जमिनीचा आधार नसतो. त्याचा एक झोका जड वाहनाच्या शेजारीं ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें रस्त्यावरून सरकविण्यास पुरेसा होतो. बांधावर येतांच साखळ्या आवळाव्या, पण अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून. उचललेल्या नांगराखालीं हात घालूं नये, कारण जुन्या तेलदाबाचा भरंवसा नसतो. साखळ्यांचीं माप ठरविणारी अडनट दोन तास काम झाल्यावर पुन्हां पाहावी, कारण धक्क्यांनीं तीच प्रथम सुटते.