नव्या वाणाची घरच्या शेतात परीक्षा

रब्बीचा हंगाम जवळ येऊ लागला म्हणजे नव्या वाणाची वार्ता गावोगाव पसरते. कोणी प्रदर्शनात कणीस पाहून येतो, कोणी पाहुण्याच्या शिवारातून मूठभर दाणे आणतो. नवे वाण पेरून पाहावे ही इच्छा स्तुत्य आहे. तिच्यावाचून शेतीत सुधारणा झालीच नसती. परंतु पेरून ‘पाहावयाचे’ म्हणजे नेमके काय पाहावयाचे, याचा विचार पेरणीपूर्वी करणारा शेतकरी आम्हांस शंभरात एकही आढळला नाही. आम्ही स्वतः त्या उरलेल्या नव्व्याण्णवांपैकीच होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमची गोष्ट अशी. ज्वारीचे एक नवे बियाणे हाती आले, तेव्हा ते मोठ्या कौतुकाने आम्ही विहिरीजवळच्या काळ्या भारी तुकड्यात पेरले, आणि घरचे जुने बियाणे नेहमीप्रमाणे माळाकडच्या मध्यम जमिनीत. कणसे भरली तेव्हा नव्याचा जयजयकार झाला. पुढील वर्षी तेच नवे वाण माळाकडे पेरले आणि जुन्याइतकेही उतरले नाही. पहिल्या वर्षी आम्ही वाणाची परीक्षा घेतलीच नव्हती, जमिनीची घेतली होती. आमची हानी थोडक्यात निभावली. आमच्या गावच्या एका गृहस्थांनी मात्र ऐकीव माहितीवर आपले चारही एकर नव्या बियाण्याखाली घातले. दाणा वाईट आला नाही. पण ओल तुटताच धाटे आतून पोकळ होऊन आडवी झाली, कडबा कुजकट निघाला, आणि उन्हाळ्यात वैरणीअभावी एक बैल विकावा लागला. दाण्याचा विचार त्यांनी केला होता, कडब्याचा केला नव्हता.

म्हणून परीक्षेचे पहिले काम कागदावरचे आहे. ‘हे वाण चांगले आहे काय?’ हा प्रश्न निरुपयोगी होय, कारण त्याचे उत्तर कोणत्याही शेतातून निघत नाही. ‘माझ्या माळाकडच्या हातभर खोल जमिनीत, पाणी न देता, माझ्या जुन्या बियाण्यापेक्षा हे वाण एकरी किमान पाऊण क्विंटल अधिक दाणा देते काय, आणि कडबा कमी होत नाही ना?’ हा प्रश्न झाला. त्यात जमीन आली, पाणी आले, तुलना कोणाशी ते आले, आणि किती फरक पडला असता वाण बदलावयाचे तेही आले. पाऊण क्विंटल हा आकडा आमचा; ज्याने त्याने आपला बियाण्याचा खर्च व बाजारभाव पाहून आपला आकडा ठरवावा. मात्र तो पेरणीपूर्वी ठरवावा. कणसे पाहिल्यानंतर ठरविलेला आकडा आपल्या मनाला हवे तेच बोलतो.

जमिनीचा उल्लेख आम्ही उगाच करीत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीची वाणे जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगवेगळी सांगितली आहेत : हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा, भारी जमिनीस फुले वसुधा. भारी जमिनीचे वाण हलक्या मुरमाड रानात पेरून त्यास नावे ठेवणे हा त्या वाणावर अन्याय होय. तेव्हा ज्या जमिनीस ते सांगितले आहे तशी जमीन आपणापाशी नसेल, तर परीक्षेचा खटाटोपच करू नये.

प्रश्न ठरला म्हणजे जागेची आखणी. आम्ही जी पद्धत पत्करली ती कोणासही जमण्यासारखी आहे. 33 फूट लांब व 33 फूट रुंद असा चौकोन म्हणजे बरोबर एक गुंठा. दीड फुटी पाभरीने त्यात 22 ओळी बसतात. असे आठ चौकोन आखावे आणि शेजारी-शेजारी दोन अशा चार जोड्या कराव्या. प्रत्येक जोडीत एक चौकोन नव्यास, एक जुन्यास. कोणता कोणास, हे नाणे उडवून ठरवावे. आपल्या मर्जीने ठरवू नये. जोड्या उतारावर वरपासून बांधापर्यंत पसरलेल्या असाव्या, म्हणजे वरच्या अंगाचा मुरूम व बांधाकडची ओल दोघांच्याही वाट्यास सारखी येते. एवढ्यास आठ गुंठे लागतात, त्यांतील चारच नव्या बियाण्याखाली जातात. वाण फसले तरी घर बुडत नाही.

नाणे उडविण्याचे काहींना हसू येईल. महसूल खात्यात कारकुनी करीत असता पीक कापणी प्रयोगास आम्ही अनेक वेळा उभे राहिलो. चौकोन कोठे टाकावयाचा हे तेथे आकड्यांच्या तक्त्यावरून ठरते, आणि प्रत्येक वेळी कोणी ना कोणी ‘रावसाहेब, तिकडच्या कोपऱ्यात घ्या’ असे सुचवीतच असे. कोणास पीक जास्त दिसावयास हवे असे, कोणास कमी. दोघांचाही हेतू समजण्यासारखा होता. म्हणूनच निवड माणसाच्या हाती ठेवलेली नाही. ही यादृच्छिक निवडीची रीत इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांत रुजविली. त्या ठिकाणी 1843 पासून प्रयोग चालू होते आणि फिशर तेथे 1919 मध्ये गेले. आपल्या देशात पीक कापणीस ती लागू करण्याच्या कामी ज्यांचा मोठा वाटा, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. त्यांनी व पानसे यांनी मिळून शेती संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ 1954 मध्ये निघाला. साताऱ्याकडच्या वाचकांस याचा अभिमान वाटावा.

आता पेरणीची गोष्ट, आणि येथेच बहुतेक परीक्षा नासतात. नवे बियाणे पिशवीतून औषध चोळून आलेले असते, जुने आपण कणगीतून काढून तसेच पेरतो. मग काणी जुन्यावरच दिसते आणि आपण वाणास शाबासकी देतो. शाबासकी औषधाची होती. जुन्या बियाण्यासही निवडून, गंधक चोळून, तोच मान द्यावा. दोन्ही एकाच दिवशी पेरावी. पेरणी लांबली की खोडमाशी वाढते, त्यामुळे आठ दिवसांच्या अंतरानेही मागाहून पेरलेले वाण पोंगामरीने बदनाम होते. खत, कोळपणी, विरळणी सर्व सारखे. पाखरांचेही लक्षात ठेवावे. लवकर निसवणाऱ्या वाणावर शिवारातली सारी पाखरे तुटून पडतात, कारण दुसरीकडे दाणा नसतो. हे चौकोन मोठ्या ज्वारीच्या रानाच्या मधोमध असावे आणि राखणही सारखी असावी.

काढणीच्या वेळी दोन्ही बाजूंची एकेक ओळ व दोन्ही टोकांचे दीड-दीड फूट सोडून द्यावे, कारण कडेच्या ताटांस शेजारचा वारा, ऊन व ओल लाभते. उरतो 30 फुटांचा चौकोन. त्यातील वाळलेल्या दाण्याच्या वजनास 48.4 ने गुणले की एकरी उतारा निघतो. कडब्यासही तोच हिशेब.

समजा, चार जोड्यांत जुन्याचे 13, 11, साडेचौदा व 12 किलो भरले, आणि नव्याचे 15, साडेबारा, 16 व साडेअकरा. सरासरी जुन्याची 12.625, नव्याची 13.75. एकरी फरक सुमारे 54 किलो. नवे वाण पुढे आहे खरे; पण आपण पाऊण क्विंटल लिहून ठेवले होते, तेथवर ते पोहोचले नाही. शिवाय जुन्याचेच चौकोन पाहा : 11 पासून साडेचौदापर्यंत, म्हणजे एकाच बियाण्यात जागेमुळे साडेतीन किलोंचा फरक! त्यापुढे सव्वा किलोच्या सरासरी फरकावर चार एकरांचा निर्णय कसा घ्यावा? अशा वेळी मोह होतो की चौथी जोडी ‘तिथे पाणी साचले होते’ म्हणून गाळावी. पाणी साचल्याची नोंद भाद्रपदात वहीत केली असेल तरच गाळावी. फाल्गुनात आठवले असेल तर नाही. या उदाहरणात योग्य निकाल एवढाच की वाण टाकू नये, घेऊही नये, आणखी एक रब्बी पाहावे. एका वर्षाच्या पावसावर ज्वारीचा स्वभाव कळत नाही. एक ओलीचे व एक ताणाचे अशी दोन वर्षे मिळाली तर खडखड्या रोगाचीही परीक्षा होते. आमच्या शेजाऱ्यांचा कडबा ताणातच गेला होता.

दाणा व कडबा तराजूवर येतात, भाकरी येत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान मालदांडीतून निवडलेली मालदांडी 35-1 इतक्या वर्षांनीही लोक पेरतात, ते केवळ उताऱ्यासाठी नव्हे. तिची भाकरी व तिचा कडबा यांसाठी. म्हणून दोन्ही पिठे निरनिराळ्या डब्यांत भरून एकास लाल व दुसऱ्यास पांढरा दोरा बांधावा, आणि कोणते कोणाचे हे भाकरी करणाऱ्या माउलीस सांगू नये. आमच्या घरी नाव सांगून विचारले तेव्हा ‘नवी बरी आहे’ असे उत्तर मिळाले, आणि न सांगता विचारले तेव्हा नवी थापताना चिरते असे समजले. बैलांस तर नाव सांगण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही कडबे गव्हाणीत टाकून सकाळी काय उरले ते पाहावे.

राहिली वही. पिशवी, तिच्यावरील चिठ्ठी व पावती जपून ठेवावी आणि पेरणीची तारीख, पाऊस, रोग, वजने त्या त्या दिवशी लिहावी. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये नोंदणीकृत वाणाचे बियाणे विकताना, कोणत्या परिस्थितीत किती उताऱ्याची अपेक्षा आहे हे वाण काढणाऱ्याने सांगावयाचे असते. ती अपेक्षा फोल ठरल्यास शेतकऱ्यास प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. परंतु ‘पीक बसले’ एवढ्या तोंडी तक्रारीस कोणी विचारीत नाही. कारकुनीची सारी वर्षे आम्ही हेच पाहिले की कागद नसलेला माणूस खरा असूनही हात हलवीत परत जातो.

वहीची एक नक्कल जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास अवश्य द्यावी, विशेषतः वाण पसंत पडले नसेल तर. वाण तयार करणाऱ्यांच्या रानात पाणी वेळेवर असते आणि मजूरही. माळावरच्या ताणात त्यांचे वाण कसे वागते हे आपण कळविल्यावाचून त्यांना कळावयाचे कसे? आम्ही आमची वही दिली तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जमिनीच्या खोलीचा. ती मोजण्याचे आमच्या हातून राहिले होते. यंदा पेरणीपूर्वी प्रत्येक चौकोनात पहार मारून खोली लिहून ठेवणार आहोत.