चमकणारी पट्टी

जुन्या पिकअप गाडीच्या दारावर आणि बाजूला धातूची लांब, चमकणारी पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिच्यामुळे गाडीला रुबाब येतो. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा मुंबईत कुर्ल्याला कारखाना होता. तेथे डॉज आणि फार्गो मालमोटारी तयार होत. इतक्या जुन्या गाड्यांच्या पट्ट्या आता बाजारात सहज मिळत नाहीत. म्हणून रंगकामासाठी काढलेली पट्टीच जपून परत बसवावी लागते.

हे काम केवळ शोभेचे वाटते, पण खरा प्रश्न आहे पाण्याचा. पट्टीसाठी पत्र्याला छिद्रे पाडलेली असतात. छिद्राच्या कडेचा रंग उडाला, की उघड्या लोखंडाला हवा व पाणी लागते आणि गंज चढतो. (आपल्या उर्दूत 'गंज' म्हणजे खजिना! मराठीतला गंज म्हणजे उर्दूतला 'जंग'.) आपल्या मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र आणि आसपास मिठागरे. येथील हवा खारट. मीठ ओलावा धरून ठेवते, त्यामुळे गंज लवकर वाढतो. शिवाय पट्टी स्टेनलेस स्टीलची असेल, तर खाऱ्या पाण्यात तिला टेकलेला साधा पत्रा अधिकच वेगाने झिजतो. वरून पट्टी चमकतच राहते. खाली पत्र्याची चाळण होते.

म्हणून चांगला मिस्त्री आधी छिद्रांकडे पाहतो. पॉलिश कागदाने गंज घासून काढतो, कडांना प्रायमर आणि रंग लावतो आणि तो पूर्ण वाळू देतो. घाई करणारे लोक येथेच चुकतात. मग पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून सरळ रेषा आखतो. दार बंद करून पट्टी नुसती धरून पाहतो. दारावरची आणि बाजूची पट्टी एका ओळीत आली पाहिजे. दोन्हींच्या टोकांमध्ये थोडी फटही हवी. नाहीतर दार उघडताना पट्टी घासते व रंग खरवडला जातो.

पट्टी मागच्या बाजूने क्लिपांवर बसते. प्रत्येक क्लिप आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचा वायसर घालतात. त्याने छिद्र झाकले जाते व धातूला धातू टेकत नाही. नंतर एका टोकापासून तळहाताने दाबत जायचे. हातोडी मारू नये. पोचा पडला तर तो चमकत्या पट्टीवर लगेच उठून दिसतो. एखादी क्लिप बसत नसेल, तर नवे छिद्र पाडण्यापेक्षा क्लिप बदलणे बरे. पत्र्याला पाडलेले छिद्र पुन्हा सहज बुजत नाही.

शेवटी पट्टीवर पाणी ओतून पाहतात. दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रे असतात. ती रंगाने बुजली असतील तर तारेने मोकळी करावी लागतात, कारण दारात शिरलेले पाणी तेथूनच बाहेर पडते.